कोल्हापुरात नव्यानं राहायला आलात? सरकारी कामं मोबाइलवरून कशी करायची, आणि चपला कुठं झिजवायच्याच लागतात

कोल्हापुरात नव्यानं आलेल्या माणसाला तांबडा-पांढरा कुठं चांगला मिळतो ते पहिल्या आठवड्यात कळतं. रंकाळ्यावर कुठल्या वेळी गर्दी नसते ते दुसऱ्या आठवड्यात. पण उत्पन्नाच्या दाखल्याला कुठं जायचं असं विचारलं, की तिघं तीन पत्ते सांगतात आणि चौथा म्हणतो, "आता सगळं ऑनलाइन हाय की!" त्याचं खरं आहे, पण अर्धंच.

भाडेकरूंचे, भाच्या-पुतण्यांचे, शेजाऱ्यांचे अर्ज भरून देता देता माझ्या एक गोष्ट पक्की लक्षात आली. पोर्टल फक्त अर्ज पोहोचवतं. काम करतो तो माणूसच, खुर्चीवर बसलेला, ठरावीक अधिकाराचा. म्हणून ऑनलाइन अर्ज भरण्याआधी तीन गोष्टी माहीत हव्यात: अर्ज कुणाच्या लॉगिनला जाणार, किती दिवसांत निकाली निघायला हवा, आणि नाही निघाला तर वर कोण. एवढं कळलं की निम्मा त्रास कमी.

आधी ठरवा, तुम्ही नेमकं राहता कुठं

हसू नका. सगळ्यात जास्त अर्ज इथंच चुकतात. पोर्टलवर जिल्हा 'कोल्हापूर' निवडला की तालुक्यांची यादी उघडते आणि त्या 12 नावांत 'कोल्हापूर' नावाचा तालुकाच नसतो. शहर करवीर तालुक्यात येतं. नवा माणूस गोंधळतो आणि यादीतलं जे ओळखीचं वाटेल ते दाबतो. मी स्वतः एकदा एका ओळखीच्याचा अर्ज घाईत कागलला पाठवला होता, कारण तो कामाला कागलच्या वसाहतीत होता. अर्ज परत आला, आठ दिवस गेले, वर त्याची बोलणी खाल्ली. अर्जात राहण्याचा तालुका लागतो, कामाचा नाही.

गावांचंही तसंच. शिरोली पुलाची शहराला इतकी चिकटून आहे की पंचगंगेचा पूल ओलांडला की आलीच, पण तिचा तालुका हातकणंगले. गोकुळ शिरगाव, उचगाव, गांधीनगर हे करवीरात. पाचगाव आणि कळंब्यात तर रस्त्याच्या एका बाजूला महानगरपालिका आणि दुसऱ्या बाजूला ग्रामपंचायत अशी अवस्था. पत्त्यावर सगळे 'कोल्हापूर'च लिहितात. हद्दवाढीचा वाद इथं इतका जुना आहे की त्यावर कट्ट्यावर बोलायला सुरुवात करू नका, रात्र जाते.

तुमच्या घराचा कर कुठं भरला जातो ते घरमालकाला विचारा. तो 'घरफाळा' महापालिकेत भरतो म्हणाला तर तुम्ही शहरात. ग्रामपंचायतीत भरतो म्हणाला तर जन्म-मृत्यूची नोंद, नळजोडणी, रहिवाशी दाखला हे सगळं त्या ग्रामपंचायतीकडं. शहरात असाल तर महापालिकेची चार विभागीय कार्यालयं आहेत: गांधी मैदान, छत्रपती शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट. आपलं कुठलं ते घरफाळ्याच्या बिलावरून कळतं. बिलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवाच, पुढं दहा ठिकाणी लागतो.

भाडेकरार नोंदवून घ्या, मग बाकीचं

नव्या माणसाच्या हातात इथल्या पत्त्याचा एकही कागद नसतो. तो मिळवण्याचा सरळ रस्ता म्हणजे नोंदणीकृत भाडेकरार. मुद्रांकावर लिहून नोटरीचा शिक्का मारलेला करार बरेच घरमालक पुढं करतात, पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणं करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. आता तो ऑनलाइन नोंदवता येतो. दोघांचं आधार, अंगठा आणि फोटो लागतो. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1,000 रुपये, ग्रामीण भागात 500. शिवाय मुद्रांक शुल्क पाव टक्का.

मालक "कशाला उगं खर्च" म्हणेल. तेव्हा नम्रपणे सांगा, "काका, फी मी भरतो, तुम्ही फक्त अंगठा द्या." ही बचत करू नका. या एका कागदावर आधारचा पत्ता बदलतो, गॅस मिळतो, बँक खात्याचा पत्ता फिरतो. मतदार यादीत नाव हलवायचं असेल तर अर्ज क्रमांक 8 भरायचा. 6 हा पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांसाठी. जुन्या गावच्या यादीत आधीच नाव असताना 6 भरणारे बरेच जण मी पाहिले आहेत.

आणि नाव. आधारवर 'दत्तात्रय', शाळेच्या दाखल्यावर 'दत्तात्रेय', बँकेत इंग्रजीत तिसरंच काहीतरी. माणूस वाचतो तेव्हा हे चालून जातं, संगणक वाचतो तेव्हा नाही. नवीन काही अर्ज करण्याआधी शाळा सोडल्याचा दाखला समोर ठेवा आणि बाकी सगळे कागद त्याच्याशी जुळवून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना याचा सगळ्यात जास्त जाच होतो. शासकीय राजपत्रात नावबदलाची जाहिरात देण्याचा अर्जही आता ऑनलाइन आहे, आणि तो करून टाकणं पुढच्या दहा प्रतिज्ञापत्रांपेक्षा स्वस्त पडतं.

दाखले: कुठला इथं मिळतो, कुठला मिळत नाही

'आपले सरकार' पोर्टलवर एकदा खातं उघडलं की उत्पन्नाचा दाखला, वय-अधिवास-राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेयर असे महसूल विभागाचे अर्ज घरबसल्या जातात. पण घाईनं भरू नका.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात, मुदत 15 दिवस. पगारदार असाल तर पगाराचा कागद पुरतो. स्वतःचा धंदा किंवा शेती असेल तर तलाठ्याचा उत्पन्न अहवाल लागतो आणि तो मिळवायला प्रत्यक्ष भेटावंच लागतं. तलाठ्याचं पदनाम 2024 पासून 'ग्राम महसूल अधिकारी' झालंय. पाटी बदलली असली तरी विचारताना तलाठीच म्हणा, नाहीतर गावात कुणी पत्ता सांगायचं नाही.

अधिवासासाठी राज्यातल्या साधारण 15 वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे जोडावे लागतात. बेळगाव किंवा निपाणीकडून आलेल्या मराठी कुटुंबांना हे जड जातं. भाषा आपली, सोयरीक आपली, पण सीमेच्या पलीकडची वर्षं मोजली जात नाहीत. इथल्या शाळेचे दाखले, वीजबिलं, जुनं रेशन कार्ड असं वर्षांची साखळी न तुटता जमवा. प्रवेशाच्या हंगामात, म्हणजे जून-जुलैत, पोर्टलवर आणि तहसीलमध्ये झुंबड उडते. घरात दहावी-बारावीचं पोर असेल तर अर्ज मार्च-एप्रिलमध्येच टाका. निकाल लागल्यावर धावाधाव करणाऱ्यांची रांग पाहिली की तुम्हाला माझा सल्ला आठवेल.

जातीच्या दाखल्यात मात्र नव्या माणसाची हमखास फसगत होते. हा दाखला तुम्ही आज कुठं राहता यावर मिळत नाही. मानीव दिनांकाला, म्हणजे त्या त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेला, तुमचे वडील-आजोबा ज्या गावचे कायमचे रहिवासी होते, तिथल्या प्रांताधिकाऱ्यांकडून मिळतो. अनुसूचित जातींसाठी ही तारीख 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. कुटुंब तेव्हा लातूरला असेल तर अर्ज लातूरकडंच जाणार, मग तुम्ही राजारामपुरीत वीस वर्षं राहा. पुरावा म्हणून आजोबांच्या शाळेचा उतारा किंवा गाव नमुना 14 म्हणजे जुनं कोतवाल बुक उपयोगी पडतं. करवीर संस्थानातल्या कुटुंबांचे असे कागद कित्येकदा मोडी लिपीत असतात. त्यांचं लिप्यंतर करून घ्यावं लागतं, मोबाइलनं फोटो काढून काम भागत नाही.

मुलाचा जन्मदाखला हा तसाच एक फसवा विषय. जन्म जिथं झाला तिथंच नोंद होते. सूनबाई बाळंतपणाला माहेरी कराडला गेली असेल तर नोंद कराडची. 21 दिवसांच्या आत झाली तर काही खर्च नाही. नंतर विलंब शुल्क, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत प्रकरण जातं. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला मुख्य पुरावा धरला जाणार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 17 शाश्वत विकास उद्दिष्टांत 2030 पर्यंत प्रत्येकाला कायदेशीर ओळख, जन्मनोंदणीसह, असं एक लक्ष्य लिहून ठेवलंय, 16.9 क्रमांकाचं. एवढी मोठी गोष्ट आपल्याकडं शेवटी बाळाच्या बापानं दवाखान्यातून घरी जाताना नावाचं स्पेलिंग तपासलं का, यावर येऊन ठेपते. तपासा.

पावती, दिवस आणि अपील

अर्ज केला की क्रमांक येतो. हा क्रमांक म्हणजे तुमचं सगळं भांडवल. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 प्रमाणं प्रत्येक अधिसूचित सेवेला एक पदनिर्देशित अधिकारी, ठरलेली मुदत आणि दोन अपिलीय अधिकारी नेमलेले असतात. ही यादी कार्यालयात फलकावर लावलेली असायला हवी आणि पोर्टलवरही आहे. अर्ज करायच्या दिवशीच तिचा फोटो काढा.

मग मुदतीचा दिवस कॅलेंडरवर लिहा, घरातल्या दूधवाल्याच्या खुणा असतात त्याच कॅलेंडरवर. मधे एकदा पोर्टलवर अर्जाची स्थिती बघा. 'अव्वल कारकून', 'नायब तहसीलदार', 'तहसीलदार' अशा पायऱ्या दिसतात. अर्ज पहिल्याच डेस्कवर थांबला असेल तर बहुतेक वेळा त्रुटी निघालेली असते आणि तुम्हाला आलेला संदेश तुम्ही जाहिरात समजून पुसलेला असतो. त्रुटी दिसली तर त्याच दिवशी पूर्तता करा. अर्ज वर गेलाय पण हलत नाही, अशा वेळी कार्यालयात जा. "माझा दाखला कुठं अडला?" असं विचारलंत तर "साहेब मीटिंगला आहेत" हे उत्तर येईल. "अमुक क्रमांकाचा अर्ज नायब तहसीलदारांच्या लॉगिनला सोमवारपासून आहे, त्रुटी काही नाही, मुदत शुक्रवारी संपते" असं म्हणालात तर खुर्ची सावरून बसतात. आवाज चढवायची गरज नसते. समोरच्यालाही शे-दोनशे अर्जांमधून तुमचा हुडकायचा असतो, तुम्ही त्याचं काम सोपं केलेलं असतं.

मुदत उलटली किंवा कारण न पटता अर्ज नाकारला, तर 30 दिवसांच्या आत पहिलं अपील. ते पोर्टलवरूनच करता येतं आणि त्याला वकील लागत नाही. चार ओळी पुरतात: अर्ज क्रमांक, तारीख, मुदत, काय हवंय. तिथं भागलं नाही तर दुसरं अपील, आणि तिसरं थेट राज्य सेवा हक्क आयोगाकडं. कोल्हापूर पुणे विभागात येतं. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंडाची तरतूद आहे. रक्कम लहान वाटते, पण तो भरायचा खिशातून, आणि सेवापुस्तकाची धास्ती वेगळीच. माझा अनुभव असा की अपील सुनावणीपर्यंत जायच्या आधीच बहुतेक दाखले निघतात.

या कायद्यात न बसणारं काम असेल, समजा रस्त्याच्या कामाचा खर्च बघायचाय, तर माहिती अधिकार. 10 रुपये, ऑनलाइन, 30 दिवस. एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांच्या आत. पहिल्या परिच्छेदात शाहू महाराजांना वंदन, दुसऱ्यात भ्रष्टाचारावर चिंतन, असे अर्ज लिहू नका. आणि समोरासमोर गाऱ्हाणं घालायचं असेल तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो.

सातबारा, आणि कुलकर्ण्यांचं दफ्तर

इथं स्थिरावलात की कुणीतरी तुम्हाला प्लॉट दाखवणारच. बघायला जाण्याआधी सातबारा घरी बसून बघा. 'महाभूलेख'वर फुकट दिसतो, पण तो फक्त माहितीपुरता. डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत मिळतो आणि तोच बँकेत चालतो. विभाग 'पुणे' निवडायचा, मग जिल्हा. शहरातल्या मिळकतीला सातबारा नसून मालमत्ता पत्रक असतं, ते नगर भूमापनाकडचं, तेही डिजिटल सहीचं मिळतं.

उताऱ्यावर 'इतर हक्क' हा रकाना आधी वाचा. कर्जाचा बोजा, कुळाचं नाव, न्यायालयाचा दावा, सगळं तिथं दडलेलं असतं. मग 'आपली चावडी' उघडा. त्या गावात कुठले फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतले बदल, चालू आहेत ते तिथं दिसतं. फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीला 15 दिवस असतात. ज्या गटात तुमचा जीव अडकलाय त्याच गटावर दुसऱ्याची वारसनोंद चालू असेल, तर इसार देण्याआधी कळलेलं बरं.

या कागदांना कोल्हापुरात एक वेगळा इतिहास आहे. पूर्वी गावचं दफ्तर कुलकर्ण्याच्या घरी, पिढीजात. कागद त्याचा, वाचता त्यालाच यायचं, म्हणून गावही जवळजवळ त्याचंच. शाहू महाराजांनी 1918 मध्ये कुलकर्णी वतनं रद्द केली आणि पगारी तलाठी नेमले. कागद घरातून कचेरीत आला, तो असा. आज तो कचेरीतून आपल्या खिशात आलाय. वाचता मात्र अजूनही सगळ्यांना येत नाही. म्हणून 'इतर हक्क' वाचा म्हटलं.

केंद्रात जायचं की स्वतः करायचं?

स्वतः जमत असेल तर स्वतः करा. नाहीतर अधिकृत 'आपले सरकार सेवा केंद्र' गाठा. तिथं दरफलक लावलेला असतो. पावती मागा, आणि पावतीवर तुमचाच मोबाइल क्रमांक आहे ना ते बघा. केंद्रचालक सोयीसाठी स्वतःचा क्रमांक टाकतो, मग त्रुटीचे संदेश त्याला जातात आणि तुम्ही वाट बघत बसता. ओटीपी स्वतः टाइप करा. आधारची प्रत द्यायची असेल तर पहिले आठ अंक झाकलेली 'मास्क्ड' प्रत द्या. शंभराच्या मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र पाहिजे, आता पाचशेचा लागतो, असं कुणी म्हणालं तर थांबा. अशा बहुतेक दाखल्यांना साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालतं.

केंद्रांचा हा प्रकार आपल्याकडं नवा नाही. 1998 मध्ये वारणानगरला 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला, वारणा खोऱ्यातल्या 70 गावांत संगणक केंद्रं. देशात तेव्हा याची मोठी चर्चा होती: शेतीचा सल्ला, बाजारभाव, सरकारी कागद, सगळं मिळणार. प्रत्यक्षात शेतकरी तिथं जायचा तो उसाची नोंद, तोडीची परवानगी, वजन आणि बिल बघायला. पुढं मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी काही गावांत ते संगणक बाजूला ठेवून हेच काम साध्या फोनच्या एसएमएसवर करून पाहिलं, आणि ते चाललं. माणसाला सतरा सेवांचं दालन नको असतं, आपल्या उसाचं वजन किती भरलं ते हवं असतं. नवं सरकारी अ‍ॅप आलं की मी हे आठवतो आणि आधी बघतो, माझं एक काम यात होतंय का.

ऊसतोडीला किंवा फौंड्रीत कामाला आलेल्यांनी एक लक्षात ठेवावं: रेशन कार्ड गावाकडं असलं तरी 'एक देश, एक रेशन कार्ड'मुळं धान्य इथल्या दुकानातही अंगठ्यावर मिळतं. ई-केवायसी झालेली हवी.

गावात राहणाऱ्यांनी 'ई-ग्रामस्वराज'वर आपल्या ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि खर्च उघडून बघावा. कुठल्या कामाला किती पैसे धरले ते नाव-गावासकट दिसतं. मग 15 ऑगस्ट किंवा 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत छापील कागद घेऊन बसा. नव्या माणसाला बोलू देतील का अशी भीती असेल तर पहिल्या सभेत नुसतं ऐका. मतदार यादीत नाव हलवलंय ना, मग तुम्ही सभेचे सदस्यच आहात.

पावसाळ्याआधीचं काम

हे काम मे महिन्यात उरका. 2019 आणि 2021 चा महापूर ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. तुम्ही नवीन आहात म्हणून सांगतो: पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. पातळीचे आकडे जुलैपासून सगळ्यांच्या मोबाइलवर फिरू लागतात. दुधाळी, शाहूपुरी, शुक्रवार पेठ, बाहेर आंबेवाडी-चिखली या भागांत भाड्यानं राहत असाल तर मालकाला पहिलाच प्रश्न विचारा, "21 साली पाणी कुठवर होतं?"

कागद डिजिलॉकरमध्ये टाका. आधार, गाडीचं आरसी, परवाना, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका थेट विभागाकडून तिथं येतात आणि त्या मूळ कागदाइतक्याच ग्राह्य आहेत. तुम्ही स्वतः फोटो काढून चढवलेल्या कागदाला मात्र तो दर्जा नाही. तो नुसता फोटो. बँकेत जाऊन खात्याला आधार जोडलंय का, म्हणजे सीडिंग झालंय का, ते विचारा, कारण सरकारी मदत आता थेट खात्यातच येते. दोन-तीन खाती असतील तर पैसे सगळ्यात शेवटी ज्याला आधार जोडलं त्या खात्यात पडतात, मग ते कुणाच्या लक्षातही नसलेलं जुनं खातं का असेना.

पाणी घरात शिरलं आणि ओसरलं, तर लगेच झाडलोट करू नका. भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असा फोटो काढा, भिजलेल्या वस्तूंचे काढा, भाडेकराराचा आणि घरफाळ्याच्या बिलाचा फोटो हाताशी ठेवा. पंचनाम्याला माणूस येईल, त्याच्या यादीत तुमचं नाव आधारवर आहे तसंच लिहिलंय ना ते त्याच्या शेजारी उभं राहून वाचा, भाडेकरू म्हणून नोंद झाली का ते बघा, त्या पानाचा फोटो घ्या. मग चिखल धुवायला घ्या.